मुलीने एम्. एस्सी. कोठे करावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी स्त्रीजीवन, संस्कार, गृहिणीचे कर्तव्य अशा एखाद्या मोठ्या विषयावर बोलावे अशी प्रथा आहे. आज मी मात्र एक लहानसा, घरगुती म्हणावा असा विषय घेतला आहे. आपल्या मंडळातील पुष्कळ घरांत बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आहे. कोणाची पदार्थविज्ञान घेऊन, कोणाची रसायनशास्त्र घेऊन. मुलीला एम्. एस्सी. करावयाची आहे आणि घरचेही नाही म्हणत नाहीत. येथपर्यंत आपण आलो ही आनंदाची गोष्ट आहे. पण एम्. एस्सी. कोठे करावी हा प्रश्न निघाला की घरात पहिले उत्तर एकच असते, ते म्हणजे, जवळ कोठे आहे तेथे.

भगिनींनो, जवळपणा हा वाईट गुण नव्हे. परंतु साडी घेताना आपण पोत पाहतो, रंग पाहतो, पदर उलगडून पाहतो, आणि मुलीच्या आयुष्याची दोन वर्षे मात्र एस्. टी.च्या वेळापत्रकावर ठरवितो, हे मला बरे वाटत नाही. निवड कशी करावी एवढेच मी आज सांगणार आहे.

आधी थोडे मागे वळून पाहू. निवड करता येणे हीच आपल्या भागात नवी गोष्ट आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, १९१८ साली स्थापन झालेले, आणि शिक्षणाची भाषा उर्दू. हिंगोलीच्या मराठी मुलीने तेथे जाऊन शास्त्र शिकावे ही गोष्ट मनात येण्याजोगीही नव्हती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि विद्यापीठ आपल्या दाराशी आले. १ मे १९९९ ला हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आजीला शाळा मिळाली नाही, आईला महाविद्यालय मिळाले नाही, आणि मुलीसमोर मात्र चार विद्यापीठांचे अर्ज पडले आहेत, असे घर आपल्या प्रत्येक गल्लीत सापडेल. म्हणूनच घरात या बाबतीत सल्ला देणारे कोणी नसते. तो सल्ला मंडळाने द्यावा असे मला वाटते.

आता एक खरी हकीकत सांगते. दुर्गाबाई भागवतांचे नाव आपण सर्वजणी जाणता. त्यांच्या भगिनी कमलाबाई, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. त्यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली. पुढे काय करावयाचे हे त्यांच्या मनात स्वच्छ होते. संशोधन करावयाचे, आणि ते बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत. वडील आणि चुलते रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे त्या संस्थेत काय चालते हे त्यांना घरात बसून कळलेले होते. त्यांनी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन.

दुसरी एखादी मुलगी असती तर मुंबईतच कोठेतरी नाव घालून मोकळी झाली असती. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. शेवटी त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेतील वातावरण आपल्यामुळे बिघडू द्यावयाचे नाही. ही शेवटची अट ऐकून आज आपल्याला हसू येते आणि रागही येतो. त्यांनाही आला होता. पण त्यांनी अटी मान्य केल्या, श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या मार्गदर्शकांच्या हाताखाली काम केले, आणि वर्षाअखेर त्यांचे काम पाहून प्रवेश कायम झाला. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसही उघडले. १९३६ साली त्यांनी एम्. एस्सी. पदवी घेतली, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच्. डी. झाल्या. शास्त्रविषयात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोचल्या.

त्यांच्या धैर्याचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र दुसरी एक गोष्ट दिसते. त्यांनी संस्था निवडली ती नावासाठी नव्हे आणि सोयीसाठीही नव्हे. जे काम शिकावयाचे होते ते तेथे होत होते म्हणून निवडली. काय करावयाचे हे आधी ठरले आणि कोठे करावयाचे हे त्यातून आपोआप निघाले.

आपल्या जिल्ह्यातील नरसीच्या नामदेव महाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. गोरोबाकाकांनी त्यांचे मडके कच्चे ठरविले, आणि पंढरपुरी प्रत्यक्ष विठ्ठलाच्या सहवासात असलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, अशी परंपरा आहे. पंढरीपेक्षा औंढ्याचे नाव मोठे म्हणून ते आले नाहीत. शिकविणारा तेथे होता म्हणून आले. एम्. एस्सी.ची निवडही याच रीतीने करावयाची असते.

तेव्हा घरातील पहिला प्रश्न ‘कोठे’ हा नसावा. पहिला प्रश्न ‘कशासाठी’ हा असावा. आणि तो मुलीला विचारावा, तिच्या काकांना नव्हे.

एम्. एस्सी. करून मुली साधारणपणे चार वाटांनी जातात. एक, शिक्षिका किंवा प्राध्यापिका होणे. दुसरी, संशोधन. तिसरी, कारखाना किंवा तपासणीची प्रयोगशाळा. चौथी, स्पर्धा परीक्षा. प्रत्येक वाटेला निराळी संस्था चांगली असते.

जिला प्राध्यापिका व्हावयाचे आहे तिला एम्. एस्सी.नंतर नेट किंवा सेट ही परीक्षा द्यावी लागते. आपल्या राज्यासाठी आणि गोव्यासाठी सेट परीक्षा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते. या परीक्षांसाठी खुल्या वर्गास एम्. एस्सी.ला ५५ टक्के आणि राखीव वर्गांस ५० टक्के गुण लागतात. म्हणून जेथे शिकविणे नियमित आहे आणि जेथील मुले दरवर्षी सेट-नेट उत्तीर्ण होतात, अशी जागा तिने पाहावी. ती नांदेडचीही असू शकेल. विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात भौतिकीय शास्त्रे आणि रासायनिक शास्त्रे यांची स्वतंत्र संकुले आहेत. नांदेड, परभणी आणि लातूरच्या जुन्या महाविद्यालयांतही पदव्युत्तर वर्ग चालतात. जवळचे ते हलके असे मी मुळीच म्हणत नाही. जवळचेसुद्धा पारखून घ्यावे एवढेच म्हणते.

जिला संशोधनाची ओढ आहे तिने मात्र देशभर पाहावे. मुंबईची आय. आय. टी. आहे, पुण्याचे विद्यापीठ आहे, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ १९७४ पासून आहे, आणि हैदराबाद आपल्याला काही परके नव्हे. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचे उदाहरण घ्या. स. प. महाविद्यालयातून बी. एस्सी. झाल्यावर त्या मुंबईच्या आय. आय. टी.त एम्. एस्सी.साठी गेल्या, तेथून अमेरिकेत डॉक्टरेटला, आणि परत येऊन मूलकणांच्या शास्त्रात जगन्मान्य झाल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या निवर्तल्या. शास्त्रात काम करणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या कथांचे ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केले आहे. आपल्या वाचनालयाने ते अवश्य घ्यावे.

जिला कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम हवे आहे, विशेषतः रसायनशास्त्राच्या मुलीला, तिने शाखा विचारून घ्यावी. रसायनात सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिकी आणि विश्लेषण अशा शाखा असतात. औषधांच्या कारखान्यांत सेंद्रिय आणि विश्लेषण या दोन शाखांस मागणी असते. आपल्या वसमत-हिंगोलीच्या हळदीचेच पाहा. हळदीचा भाव नुसत्या रंगावर ठरत नाही. तिच्यात कुर्क्युमिन किती टक्के आहे हे मोजावे लागते, आणि ते मोजणारी व्यक्ती विश्लेषण शिकलेली रसायनशास्त्रज्ञ असते. हळद आपल्या शेतात आणि मोजणारी दुसऱ्या गावची, असे का असावे?

स्पर्धा परीक्षेसाठी जिला केवळ पदवी हवी आहे, तिने जवळचे, कमी खर्चाचे आणि अभ्यासाला वेळ देणारे ठिकाण घेतले तर ती निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल. फक्त ती मुलीने समजून केलेली असावी.

‘कशासाठी’ हे ठरले की दुसरी पायरी, जागा पारखणे. यासाठी आईने किंवा वडिलांनी मुलीबरोबर एकदा प्रत्यक्ष जावे. स्थळ पाहायला आपण चार माणसे जातो, मग येथे दोघांनी जायला काय हरकत आहे? परीक्षेच्या किंवा सुटीच्या दिवसांत जाऊ नये. वर्ग चालू असताना जावे. तेथे गेल्यावर काय पाहावे हे मी सांगते. त्यासाठी आईला शास्त्र यावे लागत नाही.

शिकविणारे किती आहेत आणि त्यांतील कायम किती, हे कार्यालयात विचारावे. सगळेच तासिका तत्त्वावर असतील तर ती माणसे कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षी ती तेथे असतीलच असे नाही, आणि मुलीचा प्रकल्प अर्ध्यावर राहू शकतो. मग प्रयोगशाळेत जावे. यंत्रांची नावे कळली नाहीत तरी चालेल. यंत्रावर कापड टाकलेले आहे की ते चालू आहे, हे आपल्याला कळते. शेजारी वापराची वही आहे का आणि तिच्यातील शेवटची तारीख कोणती, हे पाहावे. स्वयंपाकघरात गेल्याबरोबर चूल रोज पेटते की नाही हे ओळखणाऱ्या आपण बायका आहोत. तीच नजर येथे वापरावी.

त्यानंतर तेथे शिकत असलेल्या मुलींशी बोलावे, आणि प्राध्यापक समोर नसताना बोलावे. प्रयोग प्रत्येकीला स्वतःच्या हाताने करावयास मिळतो की चौघी उभ्या राहून एकीचे पाहतात? दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प खरोखर होतो की मागच्या वर्षीचा उतरवून काढतात? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? मागील वर्षी बाहेर पडलेल्या मुली आज काय करतात? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की माहितीपुस्तिकेतील रंगीत चित्रांची गरज राहत नाही. आमच्या ओळखीतील एका मुलीने घराजवळची म्हणून एक जागा घेतली होती. दोन वर्षांत तिने स्वतः हाताळलेले प्रयोग बोटांवर मोजण्याइतके होते. पदवी मिळाली, गुणही चांगले मिळाले. पण मुलाखतीत यंत्राविषयी विचारले तेव्हा तिला गप्प राहावे लागले. मुलगी हुशार होती. तिला दोष देता येत नाही.

आता राहण्याचा प्रश्न. आईच्या मनात हा पहिला असतो आणि ते योग्यच आहे. वसतिगृह संस्थेच्या आवारात आहे की बाहेर, एम्. एस्सी.च्या मुलींना जागा हमखास मिळते की चिठ्ठ्या टाकतात, संध्याकाळी प्रयोगशाळेतून परतताना रस्ता कसा आहे, मेस कशी आहे, हे सर्व विचारावे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. सहा वाजता फाटक बंद करणारे वसतिगृह आपल्याला सुरक्षित वाटते. पण प्रयोग सहा वाजता संपत नाही. जेथे उशिरापर्यंत काम करणाऱ्या मुलींना सुखरूप परत आणण्याची व्यवस्था आहे ते वसतिगृह अधिक चांगले. महाविद्यालयात मुलींच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत का, हे जाताजाता पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट, प्रवेशाचे मार्ग आणि त्यांच्या वेळा. येथे आपल्याकडील पुष्कळ मुली केवळ माहिती नसल्यामुळे मागे राहतात. आपण समजतो की बी. एस्सी.चा निकाल लागला की जूनमध्ये अर्ज करावयाचा. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या बाबतीत बहुधा तसे असते. पण मोठ्या संस्थांचे दार त्याआधीच उघडून बंद झालेले असते. आय. आय. टी.साठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. ती फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावयाचे असतात, म्हणजे मुलगी शेवटच्या वर्षाला नुकतीच गेलेली असताना. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. मुलींना शुल्क निम्मे असते. याच गुणांवर नागपूरच्या व्ही. एन्. आय. टी.सारख्या संस्थांतही प्रवेश मिळतो. हैदराबाद, दिल्ली, काशी येथील केंद्रीय विद्यापीठांसाठी आता ‘सी. यू. ई. टी. – पी. जी.’ ही निराळी परीक्षा निघाली आहे. तिचेही अर्ज पदवीचा निकाल लागण्यापूर्वीच भरावे लागतात. पुणे विद्यापीठाच्या विभागांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. अचूक तारखा दरवर्षी बदलतात. त्या त्या संस्थेच्या जाहिरातीतूनच घ्याव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक बदल झाला आहे तोही लक्षात घ्यावा. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांस एम्. एस्सी. एका वर्षाची होऊ शकते. तीन वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षे लागतात, आणि त्यांतील पहिले वर्ष पुरे करून थांबल्यास पदव्युत्तर पदविका मिळते. ही सोय अडचणीतल्या मुलीसाठी आहे. चांगले स्थळ आले म्हणून मुलीला मध्येच उठविण्यासाठी ती वापरू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कागदपत्रांचे म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर यांची एक पिशवी दिवाळीपूर्वीच तयार असावी. दुसऱ्या विद्यापीठात जाताना स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यावाचून हातचा प्रवेश जातो. केंद्राच्या संस्थांत इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात द्यावे लागते. राज्याच्या नमुन्यातील चालत नाही. तहसीलच्या सेतू केंद्रात अर्ज करतानाच तसे स्पष्ट सांगावे.

चौथी गोष्ट पैशाची. विद्यापीठ विभागांचे शुल्क व्यावसायिक शिक्षणाच्या मानाने पुष्कळ कमी असते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा असतो. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या पोर्टलवर एकत्र पाहता येतात. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहे आहेत, आणि तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. केंद्राची पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. तीत दरमहा १५,००० रुपये, वर्षातील १० महिने मिळतात, आणि ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. बी. एस्सी.ला असतानाच इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती एम्. एस्सी.लाही चालू राहू शकते. पुढे नेटमध्ये वरच्या यादीत येऊन संशोधन करणाऱ्या मुलीस २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपयांची अधिछात्रवृत्ती आहे. हे आकडे मी लोभ दाखविण्यासाठी सांगत नाही. मुलीचे शिक्षण म्हणजे घराला नुसता खड्डा, ही समजूत खरी नाही एवढेच सांगावयाचे आहे. एम्. एस्सी. झाली की नोकरी ठेवलेलीच आहे असेही कोणी मानू नये. म्हणूनच निवड विचाराने करावयाची.

इंग्रजीची भीती पुष्कळ मुलींना मागे खेचते. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला पदार्थविज्ञान कळलेले असते, पण प्रश्न वाचून समजावयास वेळ लागतो. यावर उपाय शिकवणीत नाही. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून विषयाचे मूळ इंग्रजी पुस्तक रोज दोन पाने मोठ्याने वाचावे आणि त्याचा अर्थ घरात आईला मराठीत सांगावा. आईला विषय कळला नाही तरी मुलगी कोठे अडखळते हे तिला खचित कळेल.

भगिनींनो, हे सर्व आजच बोलण्याची निकड काय, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ नावाची मोठी वेधशाळा उभी राहावयाची आहे. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून प्रकाशकिरण जाणार, आणि दूरच्या विश्वात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर अवकाशात जी लहर उठते तिचा वेध येथे घेतला जाणार. त्या लहरीमुळे नळीच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गाभ्यातील एका प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो. अशी लहर जगात प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी पकडली. पृथ्वीवर दूर अंतरावर आणखी एक वेधशाळा असली म्हणजे लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक नेमके सांगता येते, म्हणून भारतात ही उभारावयाची. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. पुण्याची आयुका, इंदूर आणि गांधीनगर येथील संस्था हे काम करीत आहेत.

या वेधशाळेत प्रकाशशास्त्र, निर्वात तंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक जाणणारी माणसे लागतील. ती देशातून आणि परदेशांतून येतील, आपण त्यांचे स्वागत करू. पण आपल्या जिल्ह्याच्या मुलींनी तेथे सहलीला जाऊन कुंपणाबाहेरून पाहावे, की ओळखपत्र गळ्यात घालून आत जावे? आज जी मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे ती एम्. एस्सी. कोठे करते आणि कोणत्या प्रयोगशाळेत हात घालते, यावर ते पुष्कळ अंशी अवलंबून राहील.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते आणि आपली रजा घेते. पहिली, मंडळात एक वही ठेवावी. आपल्या भागातील ज्या मुली एम्. एस्सी.ला बाहेर गेल्या आहेत त्यांची संस्था आणि विषय त्यांच्या संमतीने तीत लिहावा, म्हणजे पुढे जाणाऱ्या मुलीस विचारावयास माणूस मिळेल. दुसरी, दरवर्षी गणपती उठले की शेवटच्या वर्षातील मुलींची आणि त्यांच्या आयांची एक बैठक घ्यावी आणि परीक्षांच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. तिसरी, आपली भिशी आहेच. तिच्यातून दरवर्षी दोन मुलींच्या परीक्षा-शुल्काची आणि संस्था पाहून येण्याच्या गाडीभाड्याची तरतूद करावी. पैसे परत येतील तेव्हा येतील. ज्या घरात बरोबर जाण्यास कोणी नसेल तेथे मंडळातील एकीने मुलीसोबत जावे. नांदेड, पुणे किंवा हैदराबाद पाहून येण्याचा आनंद आपल्यालाही होईल.

जवळचे चांगले असेल तर जवळ ठेवा, दूरचे चांगले असेल तर दूर पाठवा. पण निवडण्यापूर्वी मुलीला तिचा ‘कशासाठी’ विचारा आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.